चौदा रुपयांचा पाव

"हॅलो?… हां, रूपल, बोल… अगं मोठ्यानं बोल, रिक्षांचा आवाज येतोय… बोईसरला? दुकानात? कसल्या दुकानात?"

ताड चढणाऱ्या झिपरूने दिलेली ताडीची बाटली घेऊन बळवंतराव वाडीतून मागच्या दाराने घरात शिरत होते. बायकोचा आवाज ऐकून ते पायरीवरच थांबले. चोरून ऐकायची त्यांना सवय नव्हती. आत जायची योग्य वेळ कोणती, हे त्यांना कधीच ठरवता येत नसे, एवढंच.

"ओव्हन?… तू ओव्हन घेतेस? कशाला गं बाय?… हो… हो, धर्मेशचा ओव्हरटाइम बंद झाला, ते सांगितलंस तू मागं… हो, पोरांना डब्याला रोज पाव लागतो… अगं ऐक ना! पंचेचाळीसचा पाव वाचवायला साडेसात हजारांचा ओव्हन? भिशी लागली ती डोक्यात गेली काय तुझ्या?… काय? घरी चौदा रुपयांत पडतो? चौदा?… कोण म्हणालं?… नाय सांगत? बरं, नको सांगू. जो कोण म्हणाला त्याला म्हणावं, ये माझ्या स्वयंपाकघरात आणि बघ एकदा."

बळवंतरावांनी बाटली छातीशी धरली. चौदा हा आकडा त्यांचाच होता. सहा महिने वहीत लिहून, दोनदा तपासून त्यांनी तो काढला होता. एरवी कोणी मत विचारलं, तर 'असं पुस्तकात दिलंय' म्हणून ते सुटका करून घेत. पण गेल्या रविवारी लेकीने फोनवर सहज विचारलं, आणि कसं कोण जाणे, ते ठासून म्हणाले होते, 'चौदा. लिहून घे.'

"तुझ्या बाबांचे उद्योग ठाऊक हायत ना तुला?… हो, पण ताडीचं ठाऊक हाय? यीस्टची पुडी आणायची नाय. का, तर कुठल्या जुन्या पुस्तकात लिहिलंय, किनाऱ्यावरचे पाववाले ताडीनं पीठ फुगवायचे. मग रोज झिपरूकडनं बाटली. आपल्याच ताडाची हाय, फुकट हाय, म्हणे… फुकट कसली? तो आपले ताड चढतो त्याचे वर्षाला पैसे देतो ना, त्यातून बाटली बाटली कापून घेतो. लिहिता येत नाय त्याला, पण बोटांवर सगळं पक्कं. आणि आमचे हे वही घेऊन बसलेत!… आणि ती उन्हाळ्यातली बाटली? नाय सांगितली तुला? अगं, बूच घट्ट लावून कपाटात ठेवली! ताडी दुपारपर्यंत उकळ्या मारते, हे चिंचणीतलं शेंबडं पोर सांगेल. उभा जन्म गेला ताडाखाली, आणि बूच लावतात… फुटणार नाय तर काय! शेजारची लाडकीबाय तर सिलिंडर फुटला म्हणून पोरं काखेत मारून रस्त्यावर… हसू नकोस! आणि नेमकी तेव्हाच मासवणची पुष्पलता पाहुणी म्हणून दारात. घरभर ताडीचा भपकारा, आणि हे खाली वाकून फरशी पुसतायत. आता मासवणची माणसं भेटली की मला हळूच विचारतात, 'बळवंतरावांची दारू सुटली काय हो?'"

पायरीवर बळवंतरावांचे कान तापले. मासवणचं त्यांना ठाऊक नव्हतं.

"पाव? पाव कुठला, वीट होते, वीट! वरनं करपलेली, आतनं चिकट. मागल्या आठवड्यात सुरी वाकली माझी… तुझ्या प्रणवला विचार, त्याचा हलणारा दात कशानं पडला ते. आणि दीड दीड तास तो ओव्हन लाल होऊन बसतो, मीटरचा दिवा नुसता डोळे मिचकावत सुटतो. ते धरलंय तुझ्या चौदात?"

वीज धरली होती. चिमूटभरसुद्धा न सोडता पीठ, मीठ, साखर, तेल, सगळं धरलं होतं. ताडी तेवढी धरली नव्हती. बळवंतरावांनी मनातल्या मनात ती मिळवली. वीस झाले. फार तर एकवीस. तरी पंचेचाळीसच्या निम्म्याहून कमीच. आत जाऊन एवढं तरी सांगावं म्हणून त्यांनी पाऊल उचललं.

"खातं कोण?… तेच तर सांगते, कोणी खात नाय… मी? मी कशाला खाऊ, मला दात नकोत? हे सकाळी एक तुकडा चहात बुडवतात, आज बरा जमलाय म्हणतात आणि वाचायला बसतात. उरलेला दुसऱ्या दिवशी नसतो. यांना वाटतं, सुलूनं संपवला. वहीत बरोबरची खूण करतात!… कोंबड्यांना घालते, दुसरं काय. तोही रात्रभर भिजवून, नायतर त्यांचीपण चोच लागत नाय. आणि चार वाजता पाववाल्या रामूची सायकल आली की त्याच्याकडनं पावाची लादी घेते, तांदळाच्या डब्यामागं ठेवते. हो गं, रोज. सहा महिने झाले."

उचललेलं पाऊल बळवंतरावांनी परत पायरीवर ठेवलं. सुलू नावं ठेवते, पण खाते, असं ते धरून चालले होते. सगळी वही या एका गोष्टीवर उभी होती.

"यांना नको हां सांगू. नोकरी सुटल्यापासून माणूस पहिल्यांदा कशाला तरी हात लावतोय. येड्यासारखं करतात, पण करू दे. माझ्या कोंबड्या खातायत… पण तू नको फसू, बाय. भिशीचे पैसे हायत ते, पोरांच्या फीला ठेव… काय? कार्ड दिलंस दुकानदाराच्या हातात? अगं, मग मला फोन कशाला केलास? शोभेला?… हो, हो, लोक सांगतात! लोकांना काय जातंय… काय म्हणालीस?… बाबांनी? चौदा असं… बाबांनी सांगितलं तुला?"

सुलूबाई वळल्या. मागच्या दारात नवरा उभा होता. हातातल्या बाटलीच्या तोंडाशी फेस आला होता.

बळवंतरावांनी बाटली खाली ठेवली आणि हात पुढे केला. सुलूबाईंनी फोन दिला.

"हॅलो? रूपल… मी. बाबा… नाही, आत्ताच नाही आलो. ऐकत होतो… अगं ऐक ना. चौदा नाही… वीसही नाही. किती, ते मला ठाऊक नाही… वहीत आहे, पण वही चुकली… तपासली गं, दोनदा तपासली. बेरीज बरोबर आहे. पण जे पाव कोणी खाल्लेच नाहीत, ते मी खाल्लेले धरले… हो. आई म्हणते ते खरं आहे… सांगताना? सांगताना मला वाटलं, एवढं एक तरी मला नक्की ठाऊक आहे… कार्ड परत घे. आत्ता घे, मी थांबतो… लाज कसली त्यात? बाप येडा आहे म्हणून सांग त्याला."

फोन कानाला धरून ते थांबले. गल्लीच्या तोंडाशी रामूचा भोंगा वाजला. पों पों. सुलूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"जा," बळवंतराव फोनवर हात ठेवून म्हणाले. "नाहीतर तो पुढे जाईल."

त्या गेल्या. जाताना आज पदराखाली पिशवी लपवली नाही.

"हां, बोल… घेतलंस?… बरं झालं. आता घरी जा… नाही गं, मला कशाला वाईट वाटेल… आमचा? आमचा ओव्हन नको तुला. तुझंपण बिल वाढेल… नाही, विकत नाही… उद्या? उद्या लावणार ना. झिपरूनं आज बाटली दिलीय, ती वाया… हो, त्याचे पैसे धरीन मी… एकच. छोटासा…"

फाटकाशी सुलूबाई रामूकडून उघड्यावर लादी घेत होत्या. बळवंतरावांनी आवाज खाली आणला.

"…कोंबड्यांपुरता. हां. ठेवतो."