खपली आणि काडी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा पद्मावतीअक्का, आमचे मालक गिरीराजराव, डॉक्टर संहिताताई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते खंडोजीअण्णा, कौशल्यावहिनी, आणि कारखान्यातल्या माझ्या भावाबहिणींनो,

अक्का, गुडघा काय म्हणतोय? पायऱ्या चढताना धरला होतात. गिरीराजराव, पित्त शांत आहे ना? ताई, लोकांची नाकं तपासताना स्वतः वेळेवर जेवता का? वहिनी, डोळ्यांना आता स्वच्छ दिसतं ना? राहिले अण्णा. त्यांची विचारपूस करायला जीभ रेटत नाही, म्हणून स्वल्प वळसा घेतो.

आपल्या अगरबत्तीच्या कारखान्यात नवा मसाला झाला की पहिली काडी अण्णा पेटवायचे. ते कानडीत ‘सरी’, म्हणजे ‘बरोबर’, म्हणाले की माल बाहेर. त्या दिवशी वहिनींना मोगरासुद्धा माळायची बंदी! वहिनी म्हणायच्या, “लग्न माझ्याशी केलंत की चंदनाशी?”

गेल्या पावसाळ्यात अण्णांचं नाक बंद झालं. आतलं मांस सुजलेलं, औषधांना दाद देईना. शेवटी ताईंनी ते डाग देऊन बारीक केलं. तेव्हा बजावलं होतं, “अण्णा, भाजलेल्या जागी खपली धरेल, नाक आधीपेक्षा जास्तच चोंदल्यासारखं वाटेल. घाबरू नका. मिठाच्या पाण्यानं धूत राहा, खपली तिची ती सुटू दे. खाली कोवळी कातडी येत असते. आणि महिनाभर धूर नको, भुकटी नको.”

अण्णा म्हणाले, “ताई, पोळ्या करताना आमची ही भाजली तरी फोड फोडत नाही. मी काय एवढा अडाणी?”

पण दसऱ्याचा माल तयार होत होता. गिरीराजरावांनी फोन केला, “अण्णा, घरीच बसा, माल थांबेल.” माल थांबला असता हो! पण आपल्यावाचून तो बाहेर पडला तर, ही धास्ती अण्णांना घरी बसू देईना. आले, काडी पेटवली, तर काहीच वास येईना. मग वाळवणाच्या फळ्यांमागे जाऊन त्यांनी बांबूची कोरी काडी नाकात घातली आणि खपली उचकटली. सदरा रक्तानं भरला.

खपलीबरोबर कोवळी कातडीही गेली. समोरासमोरच्या दोन ओल्या जखमा एकमेकींना चिकटल्या. ताईंनी त्या पुन्हा सोडवल्या. श्वास मोकळा झाला. वास मात्र आला नाही. ताई खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, “हे खपलीमुळे झालं की एवढ्या वर्षांच्या धुरानं, मला ठरवता येत नाही. वास परत येईल असं वचन देत नाही, येणारच नाही असंही म्हणत नाही.”

त्यानंतरही अण्णा काडी पेटवतच होते. कशाच्या जोरावर? तर समोर काड्या वळायला बसलेल्या अक्कांच्या चेहऱ्याच्या! अक्कांनी नाक मुरडलं की अण्णा म्हणायचे, “केवडा जास्त झाला.” अक्कांचा चेहरा खुलला की, “सरी.” अक्कांना ठाऊक होतं. त्या कुणाला बोलल्या नाहीत, उलट जरा जास्तच नाक मुरडू लागल्या.

मग एके सकाळी अक्कांना पडसं झालं. अण्णांनी काडी पेटवली, अक्कांकडे पाहिलं. अक्का नुसत्या पाहत राहिल्या. मी शेजारीच मसाला मळत होतो. सगळ्या जणी हात थांबवून वाट बघत होत्या. अण्णांनी काडी हलकेच खाली ठेवली.

“अक्का, मला काही वास येत नाही हो.”

“मलाही नाही रे, खंडू,” अक्का म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

एक शब्द बोलून त्यांना माल सोडता आला असता. कोण विचारणार होतं? पण ज्या ‘सरी’वर आपण सगळे जेवलो, तो त्यांनी खोटा केला नाही. मंडळी, आज निरोप देताना माझे हात जड झालेत ते याच माणसासाठी.

मालकांनी हा समारंभ घडवला, ताई दवाखाना बंद ठेवून आल्या, आपण सगळे थांबलात, फार उपकार झाले. बोलण्यात काही वेडंवाकडं आलं असेल तर घरचा म्हातारा म्हणून पोटात घाला.

अण्णा, उद्या तुम्ही लेकीकडे, भूमिकाकडे, धारवाडला निघालात. पोचल्यावर पत्र टाका, लवकर टाका. भूमिकाच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा, चहाचा, कसला का होईना वास आला, तर लिहा. नाही आला, तरी लिहा.