ठिकरीचं घर

संगमेश सर : लिही की भार्गवी, उत्खननाच्या वहीत. ‘निळ्या नक्षीच्या इंग्रजी बशीच्या ठिकऱ्या.’ म्हणजे बंगला मिलच्या साहेबाचाच, विषय संपला.

भार्गवी : सर, ठिकऱ्या म्हणालात ते बरोबरच आहे. पण ही हातात घ्या. कडेवरून बोट फिरवा.

संगमेश सर : गुळगुळीत हाय. मातीत झिजली असंल.

भार्गवी : मग नक्षी कशी नाही झिजली? सगळ्या अशाच गोल आहेत, दगडावर घासून केलेल्या. आम्ही पण कौलाचा तुकडा असाच घासायचो आणि ठिकरी खेळायचो.

संगमेश सर : साहेबाच्या पोरी लंगडी घालायच्या म्हणतेस?

भार्गवी : साहेबाच्या कशाला? साहेबाची बशी फुटली, उकिरड्यावर गेली. तिथून मिल कामगारांच्या पोरींनी वेचली. चूल सापडली, पाटा सापडला, ते आपण नोकराचे ठरवले. बशी दिसली आणि घर साहेबाला देऊन टाकलं.

संगमेश सर : हळू बोल, बाई. साहेबाचा बंगला म्हणून तर रस्तेवाले ह्या भिंती ठेवायला तयार झालेत. कामगाराचं घर म्हटलं की परवा जेसीबी, वर रस्ता.

भार्गवी : माहितीये. म्हणून तर सकाळपासून ही ओळ कोरी ठेवलीय मी.

संगमेश सर : आणि फरशीवरचा तो क्रूस? तो पण तुझ्या पोरींचाच?

भार्गवी : इथं दारातून बघा. क्रूसाच्या भोवती काय आहे?

संगमेश सर : रेघा. मापाच्या... नाही गं. चौकोन हायेत. शिवा शिवा! ही ठिकरीची घरं हायेत की!

भार्गवी : आणि तो क्रूस नाही, सर. फुली आहे. जिंकलेल्या घरात फुली मारायची. मग त्यात दुसरीनं पाय ठेवायचा नाही.

संगमेश सर : खिळ्यानं कोरलीय बघ. केवढ्या जोरानं! शंभर वर्षं झाली असतील, आणि पोरगी आत्ता उठून गेल्यासारखं वाटतंय.

भार्गवी : काय लिहू?

संगमेश सर : साहेबाला खोड. कामगाराचं घर, असं ठळक लिही. खाली माझी सही.

भार्गवी : आणि जेसीबी?

संगमेश सर : येऊ दे. मी उभा राहतो दारात, खेळाचा नियम सांगतो त्याला. तू आधी पाय मागं घे. फुलीवर पडलाय.