बिनहुकमी कवायत

मंडळी, ऐका! ‘नाही’ म्हणण्याएवढं थोर तप या त्रिभुवनात नाही! — आमच्या घरी ते रोज चालतं. दळण आणायला सांगितलं, की चिरंजीव तपाला बसतात!

म्हणून विचारतो. भिऊन म्हटलेलं ‘नाही’ कुठलं आणि श्रद्धेनं म्हटलेलं कुठलं — ओळखायचं कसं? बोला की! बरं, राहू द्या. ही पाळी हवालदार गुणाजी शेडग्यांवर आली होती, त्यांनाच विचारू.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. रंगरुटांची छावणी. गुणाजी कवायत शिकवायचे. आवाज असा, की हुकूम इथे द्यावा आणि शेजारच्या गावातल्या म्हशींनी उजवीकडे वळावं! त्यांच्या हाताखाली आला हैबती कुंभार. गळ्यात तुळशीची माळ. भरती करणाऱ्यानं सांगितलेलं, “खेचरं राखायचीत.” जन्मभर गाढवं राखलेला माणूस — आला आनंदानं! आणि इथे हातात बंदूक, समोर पेंढ्याचं पोतं. “भोसक!”

हैबतीनं बंदूक अलगद खाली ठेवली. “न्हाई जमायचं, हवालदारसाहेब. माळ घातलीया.”

“अरे टाळकुट्या, पोतं आहे ते!”

“आज पोतं. उद्या?”

गुणाजींनी शिक्षा दिली! पाठीवर वाळूची गोणी आणि भर उन्हात मैदानाला फेऱ्या. नऊ दिवस! खायला दोन सुक्या रोट्या. खांदे सोलवटले, पाय सुजले. गुणाजींना वाटे, हा शिव्या देईल, पळून जाईल — भित्रा निघाला तर बरंच, आपली सुटका! पण हा प्रत्येक फेरीला म्हणे, “रामकृष्णहरी!” आणि गुणाजी तोंड फिरवत. कारण त्यांचे वडीलही माळकरीच हो!

दहाव्या दिवशी गोरा साहेब आला. बंदूक घे, नाहीतर कोर्टमार्शल! सगळी पलटण रांगेत. गुणाजींनी बंदूक पुढे केली, हळूच म्हणाले, “घे रे बाबा. नुसती धर. तुरुंगात मरशील.”

“त्येवढं सोडून बोला. पर उपकार झाले तुमचे. माझ्यापायी तुमीबी नऊ दिस उन्हात हुबं ऱ्हायलात.” आणि त्यानं वाकून गुणाजींच्या बुटांवर डोकं ठेवलं.

माळकऱ्यांची रीत ठाऊक आहे ना? एक पाया पडला, की दुसऱ्यानंही पडायचंच! मनानं ठरवायच्या आत कंबर वाकली! भर परेडमध्ये, साहेबासमोर, हवालदार गुणाजी शेडगे — त्या सुजलेल्या पायांवर!

साहेब ओरडला, “ही कुठली कवायत?”

गुणाजी उठले. डोळे भरलेले. “आमच्या घरची, साहेब. हिला हुकूम लागत नाही. आता या माणसाला मी शिक्षा देणार नाही.”

घ्या! आता दोघे झाले!

साहेबानं गुणाजींच्या बाहीवरची एक फीत उतरवली. मग हैबतीकडे वळला. “जखमींचं स्ट्रेचर उचलशील?”

“माणूस उचलायचाच न्हवं? पाडायचा न्हाई? मग द्या की!”

आणि गेला, मंडळी! गोळ्या चालल्या होत्या तिथे, रिकाम्या हातांनी! भित्रा जातो का हो? गुणाजींची फीत परत आली नाही. पण ते सांगत, “पाठीवर गोणी देणाऱ्याचे ज्यानं उपकार मानले, त्याच्यापायी गेली. स्वस्तात सुटलो.”

आणि आपण? शेजाऱ्यानं दारात गाडी लावली, की सहा महिने बोलणं बंद! त्या दोघांचे आभार मानायचे ना? मग वळा शेजारी, आणि पडा एकमेकांच्या पाया!

फक्त एक विनंती — एकेकानं वाका, टाळकी आपटतील. डॉक्टर आज बाहेरगावी गेलेत.