इन्स्पेक्टर तारिकचं लग्न

इझमिरला बोटीच्या रांगेत माझ्यापुढे नणंद-भावजय उभ्या होत्या. बोलणं कालच्या मालिकेचं चाललं होतं.

"वहिनी, इन्स्पेक्टर तारिकनं चक्क लग्न केलं गं! बायकोचा खुनी सापडला आणि लगेच दुसरी आणली."

"लगेच कुठं, शुक्रान? किती वर्षं एकटा होता तो."

"म्हणून पहिलीला विसरायचं?"

"विसरला नाही. लग्नाची सही करायच्या आधी पहिलीचा फोटो काढून बघितला त्यानं."

"तुला बरं कौतुक! माझा दादा गेला, तू राहिलीसच ना एकटी?"

बोट लागली, माणसं पुढं सरकली. या दोघी तिथंच.

"वहिनी?"

"तेच सांगायचं होतं तुला. धीर होत नव्हता."

शुक्रान बोटीकडे दोन पावलं गेली आणि मागं वळली.

"नाव काय त्यांचं?"