केरबानानांचा हात

मंडळी, ऐका! माणसाची वाचा गेली, शुद्ध गेली – मग त्याच्या मनातलं बोलायचं कुणी? पोरानं? बरं! पण पोरानं बोलायचं कुणाचं मन – बापाचं की स्वतःचं?

एका गावात केरबानाना पखवाजी होते. डाव्या पुडीला कणीक थापून त्यांनी थाप मारली, की पेंगणारे टाळकरी ताठ! – तुम्ही का सावरून बसलात? तुम्हाला नाही म्हणालो!

तर नानांच्या डाव्या हातात लाकडाचं कुसळ घुसलं. त्यात साखरेचा आजार. हात काळा पडला, ताप डोक्यात गेला. दवाखान्यात मुलगा हिंदुराव समोर पाहतो – तर बाप त्यालाच ओळखेना!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हात मनगटातून काढला तर जगायची आशा आहे. ते शुद्धीत असते तर काय म्हणाले असते? ते सांगा. तुम्हाला काय वाटतं, ते नको."

"पखवाज्याचा हात कापायचा?" हिंदुरावाला हुंदका फुटला. "त्यापेक्षा मरण बरं म्हणतील नाना!"

बायको हळूच बोलली, "अहो, शेजारगावच्या मारुतीला फोन करा की. नानांचा शिष्य तो, त्याच्यापाशी मन मोकळं करायचे नाना."

"माझ्या बापाचं मन मी मारुतीला विचारू?"

आणि संमतीचा कागद हातानं लोटून दिला! प्रेमानं हो, मंडळी. वैरानं नाही. डॉक्टरीणबाईंनी दोनदा समजावलं. हा हलला नाही. तिसऱ्या दिवशी नाना गेले.

तेराव्याला भजन ठेवलं. हिंदुराव पखवाज आणायला देवळात गेला – खुंटी रिकामी! तेवढ्यात मारुती आला. खांद्यावर नानांचाच पखवाज.

"तुझ्याकडं कसा?"

"महिना झाला की, दादा. नानांनीच दिला. म्हणाले, 'मारुती, हातांची हौस फिटली बघ. आता कोपऱ्यात बसून तुझं ऐकायचं, आणि नातीचं लग्न बघायचं.'"

 कागद लोटलेला तो हात... कुठं ठेवावा, हिंदुरावाला कळेना.

बाप जन्मभर ऐकला हो त्यानं! पण पखवाजच ऐकला.

मंडळी, तुम्ही विचारलंय कधी घरी? "बाबा, तुम्हाला बोलता येईनासं झालं, तर मी काय सांगू?" अभद्र वाटतं ना? हिंदुरावालाही वाटलं असतं.

आज असं करा. ज्यांचे म्हातारे अजून बोलतायत, त्यांनी आरतीला थांबू नका. उठा, घरी जा, विचारा. आरती आम्ही करतो – मागं उरलेले.