गेले ते मंगळवारी गेले

मी मूळची उज्जैनचीच. आमच्याकडचे जुने लोक शिंदे सरकारच्या चाकरीत इकडे आले आणि इकडचेच होऊन गेले, आता कोणी विचारलं गाव कोणतं तर आम्ही उज्जैन म्हणतो आणि पुण्याकडचे पाहुणे हसतात, म्हणतात तुमची मराठी हिंदीत बुडवून काढलेली आहे. असू दे ना. माझे बाबा कपडा मिलमध्ये होते, मिल बंद पडली तेव्हा मी शाळेतच होती, आणि मोहल्ल्यात एक सिंधी मावशी घरात पार्लर चालवायची, तिच्याकडे मी आधी नुसता झाडू मारायला जायची, मग हळूहळू धागा धरायला शिकली. आमच्या आत्याने माझ्याशी बोलणं टाकलं होतं, की आपल्या घरची मुलगी लोकांच्या भुवया काढते. पण मला ते काम आवडायचं. बाई खुर्चीत बसते, डोळे मिटते, आणि मग जे सांगते ते ती देवाला पण सांगत नसेल.

शादी झाली खेडकर सरांशी. आमचे हे सरकारी शाळेत पीटी सर होते. सकाळी कडक इस्त्रीची पांढरी पँट, गळ्यात शिटी, आणि आवाज असा की मैदानात बोलले तर सडकेवरचा सायकलवाला पण सरळ बसायचा. आम्ही टावर चौकात काही खायला उभे राहिलो की कोणी ना कोणी ऑटो थांबवून पाया पडायचा, सर, पहचाना? आणि हे म्हणायचे, तू तो वही है जो दौड़ में उलटा भागा था. माझ्या सासऱ्यांचं म्हणणं होतं की सुनेनं पार्लर-बिर्लर चालवायचं नाही. ह्यांनी वाद नाही घातला. इंदौरला गेले, फिरणारी खुर्ची टेम्पोत टाकून घेऊन आले, माधव नगरच्या घरात पुढच्या खोलीत ठेवली आणि सासऱ्यांनाच म्हणाले, बाबा, बसून बघा, फिरते. सासरे बसले. ह्यांनी एक चक्कर दिली. झालं, पार्लर सुरू.

तर असा माणूस. हे आधी सांगते, कारण लोकांना फक्त शेवटचं सांगायला आवडतं.

रिटायर झाल्यावर काही वर्षं बिल्कुल ठीक होतं. मग सकाळी पोहे आणायला जायचे, पोहे घेऊन यायचे, आणि परत चप्पल घालायचे, की पोहे आणतो. मी म्हणायची अहो आणलेत ना, तर हसायचे. मी पण हसायची. मग एका वर्षी शाळेने झेंडावंदनाला बोलावलं, की सर, जुनी आठवण म्हणून परेडला कमांड तुम्हीच द्या. मी खुर्चीत बसून बघत होती. ह्यांनी सावधान म्हटलं, सगळी मुलं ताठ झाली. आणि पुढे काहीच नाही. विश्राम हा शब्दच सापडेना. मुलं तशीच उभी, मास्तर लोकांना वाटलं सर भावुक झाले, कोणी टाळ्या वाजवल्या. मला दिसत होतं ह्यांचा हात शर्टाच्या बटणाशी शिटी शोधून राहिला आहे. शेवटी एका मास्तरने माइक घेतला. ऑटोत बसलो तर ह्यांनी माझा हात धरला, चार लोकांत कधी न धरणारा माणूस, आणि मला विचारलं, मंदा, मुलं उभीच आहेत का अजून?

इंदौरच्या डॉक्टरने नाव सांगितलं, अल्झायमर. ते नाव माझ्या तोंडात बसायला वेळ लागला, पण बसवलं. डॉक्टर भला माणूस होता, स्पष्ट म्हणाला की हे उतरत जाणार, वापस येणार नाही. घरी आलो तर भावजी देवासहून येऊन बसले होते, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. प्रेम आहे त्यांचं, नाही म्हणत नाही मी. पण त्यांची पहिली गोष्ट काय, की वहिनी, बाहेर बोलायचं नाही, बीपी आहे सांगायचं, कमजोरी आहे सांगायचं. दादाची इतकी इज्जत आहे ह्या शहरात. मी म्हटलं भावजी, इज्जत आहे म्हणूनच सांगायचं ना. चोरी केली का त्यांनी? दुसऱ्या दिवशी मी ह्यांना सोबत घेतलं आणि टावर चौकात गेली, ऑटो उभे राहतात तिथे, आणि सगळ्यांना म्हटलं, भैया, सर अब भूलने लगे हैं, कहीं अकेले दिखें तो माधव नगर ले आना. एक ऑटोवाला रडायला लागला, ह्यांचाच विद्यार्थी. हे त्यालाच समजावत होते, रो मत, पानी पी.

आणि आणलं हो त्यांनी. कितीदा तरी आणलं. कधी फ्रीगंजातून, कधी पार नदीवरून, एकदा तर ह्यांनी एका लग्नाच्या वरातीला रांगेत उभं केलं होतं, दोन-दोनच्या, आणि वरातवाले उभे राहिले होते पण.

मग ते वाढलं. मुलगी शिल्पा इंदौरहून यायची आणि तिला बघवायचं नाही. तिला हे मीरा म्हणायला लागले, मीरा ह्यांची बहीण, लहानपणीच गेलेली. शिल्पा आणि भावजी एक झाले. म्हणाले आई तुझ्याकडे दिवसभर बायका येतात, बाबा मधेच येऊन उभे राहतात, कधी पायजम्याची नाडी सुटलेली असते, हा तमाशा कशाला. मागची खोली हवेशीर आहे. पार्लरच्या वेळेपुरतं आत ठेवत जा. आणि मी बाजारात गेलेली असताना भावजींनी त्या खोलीला बाहेरून कडी बसवून घेतली, नवी, पितळेची.

ती कडी पहिल्यांदा लागली तो दिवस तुम्हाला सांगते. माझ्या खुर्चीत एक बाई, तिच्या भुवया अर्ध्या झाल्या होत्या. मागून टकटक आली. जोरात नाही. अगदी हळू, जशी प्रिन्सिपलच्या दारावर मास्तर करतात. आणि ह्यांचा आवाज, मे आय कम इन, सर? मग थांबले. उत्तर नाही आलं तर परत, मे आय कम इन, सर? आतल्या माणसाने आत येऊ का विचारायचं! चिडले असते, दार बडवलं असतं, तर मी कदाचित सहन केलं असतं. पण इतकी तमीज. माझ्या हातातला धागा तुटला. मी त्या बाईला म्हटलं बसा, पेचकस घेतला, स्क्रू काढायचा, आणि कडी दारापासून उखडून काढली, लाकडाचा तुकडा निघाला तिच्यासोबत. दार उघडलं, म्हटलं, या सर.

त्या दिवसापासून हे पार्लरमध्ये बसले. कोपऱ्यात खुर्ची, मांडीवर टॉवेलांचा गठ्ठा. घडी करायचे, मोडायचे, परत करायचे, आणि घडी अशी की कोपऱ्याला कोपरा. ज्या बायकांना चाललं त्या आल्या. एक मोठ्या साहेबांची बायको दारातूनच म्हणाली, आंटी, लेडीज पार्लर में जेंट्स बैठे हैं. मी म्हटलं, जेंट्स नहीं, मेरे घरवाले हैं, और घर इनका है. ती गेली आणि तिच्या मागे बऱ्याच जणी गेल्या. जाऊ द्या. वॅक्सिंगच्या वेळी मी मध्ये पडदा ओढायची, इतकी अक्कल मला आहे. उरलेल्या बायका ह्यांना नमस्ते सर म्हणायच्या आणि हे प्रत्येकीला सांगायचे, नाखून दिखाओ.

ह्यांची दाढी मी करायची. माझं नाव गेलं होतं, चेहरा पण गेला होता, पण साबण लावला की हे आपोआप जिभेने गाल आतून फुगवून द्यायचे, एक बाजू झाली की दुसरी. एकदा असंच अर्ध्या दाढीत विचारलं, बाई, तुम्ही कोण? मी म्हटलं तुमची बायको. हे एकदम संकोचले. म्हणाले, नाही हो, माझी बायको घरी आहे. उशीर झाला की चिडते, पण जेवायची थांबते. मला जाऊ द्या. आता सांगा, काय करायचं माणसाने? मी म्हटलं, कशी आहे हो तुमची बायको? तर इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, हिम्मतवाली आहे. मी तोंड फिरवलं आणि वस्तरा धूत बसली, धुतलेलाच धूत बसली.

शेवटी गिळणं जड झालं, मऊ काही असलं तर घास-दोन घास जायचे. छातीत कफ भरला, अस्पताल, नळ्या, आणि मग डॉक्टर म्हणाले घरी न्या. शिल्पा येऊन राहिली होती. मंगळवारी दुपारी गेले, माझा हात त्यांच्या कपाळावर होता. क्षिप्रेवर नेलं, ऑटोवाले इतके आले की गल्लीत जागा नव्हती.

आणि मग सुरू झालं. येणारा प्रत्येक माणूस एकच गोष्ट, सुटले. चला, सुटले बिचारे. आणि मग माझ्याकडे बघून, तू पण सुटलीस गं मंदा. कोणी म्हणे आता तीर्थाला जा, कोणी म्हणे आता झोप काढ. मी रडली तर समजूत घालायचे की आता कशाला रडतेस, माणूस तर आधीच गेलेला होता. अरे, काय हिशेब आहे हा? दुसऱ्या कोणाचा नवरा गेला तर तिला रडू देता, माझ्या नवऱ्याचं रडणं काय आधीच वापरून झालं? मी सहन करत राहिली. तेराव्याला जेवणं झाली, सगळे रिश्तेदार बसले होते, आणि भावजी उभे राहिले. चांगलं बोलले आधी, दादाने मला पोहायला शिकवलं वगैरे. मग म्हणाले, खरं सांगायचं तर दादा केव्हाच गेले होते, आता फक्त शरीर गेलं.

माझ्या हातात पाण्याचा जग होता. मी तो खाली ठेवला.

“भावजी, गेले ते मंगळवारी गेले. त्याच्या आधी एक दिवस पण नाही. सोमवारी त्यांनी माझ्या हातून पपई खाल्ली, आणि गोड नव्हती म्हणून तोंड वाकडं केलं. शरीर तोंड वाकडं करत नाही, माणूस करतो. तुम्ही त्यांना आधी मारायचं असेल तर तुमच्या घरी मारा, माझ्या घरी ते जिवंत होते.”

भावजी खाली बसले आणि थोड्या वेळाने रुमालात तोंड घालून रडले, तेरा दिवसांत पहिल्यांदाच. मला वाईट नाही वाटलं, खरं सांगते. त्यांना पण रडायचंच होतं, दादा केव्हाच गेले असं म्हणत-म्हणत त्यांनी स्वतःला अडवून ठेवलं होतं. शिल्पा आली, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, आई, मी मीरा म्हणून ओ द्यायला पाहिजे होती ना? मी म्हटलं, आता दे.

पार्लर मी पंधरवड्यात उघडलं. लोक बोलले, बोलू दे. मधेच रडू आलं तर रडते, बाई खुर्चीत असली तरी. बायका थांबतात, टॉवेल देतात. आणि एक नवीन झालं. बँकेत नोकरी करणारी, एका घरची सून यायची, ती एक दिवस डोळे मिटल्या-मिटल्याच म्हणाली, काकू, आमच्या आई पण तशाच झाल्या आहेत, आम्ही कोणाला सांगितलं नाही. मी धागा ठेवून दिला. म्हटलं, केस कोण कापतं त्यांचे? ती म्हणाली, कोणीच नाही. आता माझा सोमवार त्याच्यात जातो. पिशवी घेते, कात्री, नेलकटर, थोडी पावडर, आणि अशा घरी जाते जिथे कोणी ना कोणी मागच्या खोलीत आहे. आधी पुढच्या खोलीत आणून बसवायचं, खिडकीपाशी, मगच कात्री लावायची. ही माझी शर्त आहे. काही घरं नाही म्हणतात. परत जाते मी त्यांच्याकडे, मला काय लाज.

त्या सुनेच्या सासूबाईंकडे परवाच गेली होती. केस कापले, नखं काढली, आरसा दाखवला. त्यांनी स्वतःला बघितलं आणि कोणी अनोळखी बाई भेटावी तसं आरशाला हात जोडून नमस्कार केला. निघताना मी वाकून पाया पडली, तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, अखंड सौभाग्यवती हो. सून बिचारी लाल झाली, म्हणाली, अहो आई, काकूंचे मिस्टर तर… मी तिला तिथेच थांबवलं. परत वाकली, म्हटलं, आजी, पुन्हा म्हणा, जरा मोठ्याने. त्यांनी म्हटलं. गल्लीपर्यंत ऐकू गेलं असेल.