धर्मशाळेच्या बिनकडीच्या दाराबाबत

नाव जोतिराम म्हाळू कोळेकर, वय ७१, शिक्षण चौथी, धंदा पूर्वी मेंढपाळ, आता धर्मशाळेची राखण, राहणार जेऊरच्या पुढे नदीकाठी, जिल्हा सोलापूर.

मी स्वतः ठाण्यात येऊन सांगतो की, भीमेच्या काठाने दिवसचे दिवस पायी चालणारे लोक आमच्या धर्मशाळेत मुक्काम करतात. जागा फक्त चालणाऱ्यांसाठी आहे, तशी पाटी आहे. दारांना कडी नाही. वाटसरूला दार बंद मिळू नये असा धर्मशाळा बांधणाऱ्या बाईचा नवस होता. त्यामुळे कमिटी आजही कडी बसवू देत नाही.

काल दुपारी चार तरुण पाठीवर पिशव्या घेऊन आले. त्यांची गाडी बाभळींच्या आड उभी होती, हे मला नंतर कळले. एकाला बाकीचे ऋतुराज म्हणत होते. ते ओसरीवर दारू पीत बसले. स्पीकर मोठ्याने लावला.

दिवस कलताना ज्ञानदा नावाची मुलगी एकटी चालत आली. पायांना फोड होते. मी तिला बायकांची खोली दिली. तिने विचारले, "आजोबा, आतून कडी कुठे आहे?" मी म्हणालो, "हितं कडी लागत न्हाय, बाळ. आजवर कुणाला काय झालं न्हाय." हे मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो.

मग तिचे दार ढकलणे सुरू झाले. "वहिनी, मीठ आहे का?" "वहिनी, काडेपेटी?" एक जण मोबाइलवर चित्रण करत होता. तिने दाराला पाठ लावली, तर त्यांनी खांदा लावला. मी म्हणालो, "चालून दमलेली माणसं हितं झोपत्यात. निघा तुमी." ऋतुराज म्हणाला, "आम्ही पण चाललोय की, आण्णा! गाडीपासून इथपर्यंत." सगळे हसले. मी ठाण्यात फोन केला. उत्तर मिळाले, "पोरं हायत, समजावून सांगा."

फोन ठेवून वळलो तर ज्ञानदा सामान उचलून निघालेली. उजेडात स्टेशन गाठावे म्हणून ती धरणाचे पाणी ओसरलेल्या जागेतून सरळ गेली. ती जमीन वरून वाळलेली दिसते, खाली गाळ असतो. आमचे शेरडूसुद्धा तिकडे पाय टाकत नाही. मी ओरडलो. स्पीकरपुढे माझा आवाज कुठला पोहोचतो. ती कमरेपर्यंत रुतली. शेरडे घेऊन परतणाऱ्या केराबाईने घोंगडे टाकून तिला ओढून काढले.

ती कुर्डुवाडीला दवाखान्यात आहे. गुडघा मोडला आहे. ती म्हणते, "तक्रार नको, आजोबा. घरचे मला पुन्हा चालू देणार नाहीत." तिने गप्प बसायचे आणि यांनी मोकळे हिंडायचे, हे मला मान्य नाही. म्हणून तक्रार माझी.

ते चौघे अजून धर्मशाळेतच आहेत. आज टेंभुर्णीकडून दोन बाया चालत मुक्कामाला येत आहेत. त्यांचा फोन लागत नाही.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "मुलांनी मस्करी केली" असे होते. ते मी खोडायला लावले. तिथे "दार ढकलले" असे आल्यावर मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे खरा आहे, म्हणून सही करतो. ऊन उतरायला लागले आहे. पोलीस माझ्याबरोबर निघेपर्यंत मी या बाकावरून उठणार नाही, हेही लिहून घ्यावे.